पन्नास फुटांचं घर: कृष्णाकाठी पुराची तयारी

जुलै लागला की सांगलीत भाजी घेताना दोन बायका भेटल्या तरी पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुमच्याकडं कितीला येतं?" आयर्विन पुलापाशी कृष्णा किती फुटांवर गेली की तुमच्या दारात पाणी येतं, एवढं त्यात विचारलेलं असतं. कुणाचं घर ४३ चं, कुणाचं ४८ चं. आमचं गावभागातलं घर ५० चं. खाली पिठाची गिरणी आणि तिच्यामागं मोरी, संडास, एक खोली. वर आम्ही पाच माणसं राहतो: सासूबाई, आम्ही नवराबायको, धाकटे भाऊजी आणि मुलगी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, २०१९ ला ५७ च्या वर, २०२१ ला ५४ च्या पुढं. त्यातून ५० वजा करा, म्हणजे गिरणीत त्या त्या वेळी किती पाणी उभं होतं ते कळेल.

आपत्तीच्या तयारीचे जे कागद वाटतात त्यात टॉर्च, शिट्टी आणि बिस्किटांची बॅग भरायला सांगितलेलं असतं. बॅग हवीच. पण आमची नदी झोपेत गाठत नाही. ती सांगून येते, इंचाइंचानं चढते, आणि तरीही माणसांचं सामान भिजतं, कारण "बघू अजून थोडं", "संध्याकाळपर्यंत उतरेल की" यात वेळ जातो. नृसिंहवाडीत पाणी चढायला लागलं की दत्ताची उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात. तिथं "बघू थोडं" कुणी म्हणत नाही, कारण कधी हलवायची ते पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. घराचंही तसंच ठरवून टाकायचं: किती फुटांना कुठलं काम. आणि ते मे महिन्यातच ठरवायचं, डोकं शांत असताना. (सांगलीच्या मे महिन्यात डोकं शांत ठेवणं अवघडच, पण जुलैपेक्षा बरं.)

दोन आकडे काढा

प्रत्येक घराला दोन आकडे असतात. एक दाराचा, म्हणजे उंबऱ्याला पाणी लागतं तो. दुसरा वाटेचा, म्हणजे तुमच्या गल्लीतून बाहेर पडायचा रस्ता बंद होतो तो. वाटेचा आकडा बहुतेक वेळा लहान असतो आणि नेमका तोच लोकांना पाठ नसतो. आमचं दार ५० ला बुडतं, पण गल्लीच्या तोंडाशी खोलगट आहे, तिथं ४७ लाच गुडघाभर पाणी होतं. म्हणजे ४८ ला आम्ही घरात कोरडे असतो आणि अडकलेले असतो. निघायचं ते वाटेच्या आकड्याच्या आधी, दाराच्या नव्हे.

दाराचा आकडा माहीत नसेल, नवं घर असेल किंवा भाड्यानं आला असाल, तर काढायची रीत सोपी आहे. शेजारच्या एखाद्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ सापडते, नाहीतर जुन्या माणसांना विचारायचं. गवंडी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आणायचा, पाणी भरून एक टोक त्या रेघेला लावायचं आणि दुसरं आपल्या दाराशी धरायचं. पाणी जिथं थांबेल ती तुमच्या दारातली २०१९ ची पातळी. तिथून उंबऱ्यापर्यंत टेपनं मोजा. साडेसात फूट भरलं तर ५७ आणि थोडं, त्यातून साडेसात गेले, उरले ५०. नदीचं पाणी पुलापाशी आणि तुमच्या गल्लीत अगदी एका रेषेत नसतं, म्हणून हिशेबात अर्धा फूट आपल्या विरुद्ध धरायचा.

याच खुणेचा धोकाही आहे. २००५ ची रेघ बघून शहरातल्या कितीतरी घरांनी २०१९ ला सामान टेबलावर, ओट्यावर, कट्ट्यावर ठेवलं. जुन्या रेघेच्या वर होतं म्हणून निर्धास्त होते. पाणी जवळपास चार फूट आणखी चढलं. तेव्हा सामान ठेवताना सगळ्यात मोठ्या पुराच्या रेघेवर आणखी दोन फूट धरायचे. खालच्या मजल्यावर तेवढी उंची मिळतच नसेल तर तो मजला सामानासाठी नाहीच, असं समजायचं.

कोल्हापूरकरांनी आयर्विनच्या जागी राजाराम बंधारा घ्यावा. तिथं इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३, आमच्याकडं ४० आणि ४५. बाकी रीत तीच. चिपळूण, महाडच्या लोकांनी मात्र यातलं सामान उचलण्याचं तेवढं घ्यावं, फुटांचा हिशेब घेऊ नये. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीनं चिपळुणात जे केलं ते रात्रीतून झालं. घाटाखालच्या नद्या आखूड, त्यात समुद्राची भरती. तिथं तक्ता वाचायला वेळ मिळत नाही, मुसळधार पावसाचा इशारा आला की त्याच संध्याकाळी हलायचं.

बातमी कशी वाचायची

पूर सांगलीतल्या पावसानं येत नाही. इथं ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते. पाऊस बघायचा तो कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा. हे तीन आकडे रोज जाहीर होतात. त्याच्याबरोबर कोयना धरणाचा साठा. धरणाची क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट. एक लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला एक लाख घनफूट, पाणी चोवीस तास वाहिलं की साडेआठ टीएमसीच्या आसपास होतं, हे एकदा लक्षात ठेवलं की बाकीचं गणित आपलं आपल्याला जमतं. धरणात ८५ टीएमसी आहे आणि लाखभर क्युसेकची आवक चालू आहे, म्हणजे उरलेली जागा सव्वादोन-अडीच दिवसांत संपणार. धरणवाले तोवर थांबणार नाहीत, आधीच दरवाजे उचलतील.

जुलैच्या सुरुवातीला साठा ४० असेल तर मी निवांत असते. शेवटच्या आठवड्यात ८५ असेल आणि नवजाचा पाऊस रोज दोनशे मिलिमीटरच्या वर पडत असेल, तर त्या दिवसापासून घरात लग्नाचं किंवा पाहुण्यांचं काही ठरवत नाही.

दरवाजे बंद आहेत म्हणून पूर नाही, असंही नसतं. धरणाच्या खालच्या डोंगरांवर पडलेलं पाणी कुठलंच धरण अडवत नाही. शिवाय हरिपूरच्या संगमावर वारणा येऊन मिळते, म्हणजे वारणेवरच्या चांदोली धरणाचा विसर्ग वेगळा मोजायचा. पाणी वरून येताना कराडचा कृष्णा पूल, मग बहे, ताकारी, भिलवडी आणि नंतर आयर्विन असं येतं. पाटबंधारे खातं या सगळ्या पुलांच्या पातळ्या देतं. भिलवडीला चढ थांबला असेल तर आमच्याकडंही थोड्या तासांत थांबेल, भिलवडी चढत असेल तर आयर्विनला पाणी "स्थिर आहे" या बातमीवर झोपायचं नाही.

आम्ही दिनदर्शिकेच्या मागं पातळी लिहितो, वेळ आणि फूट-इंच. नुसत्या पातळीपेक्षा तासाला किती इंच चढली ते जास्त सांगतं. पाणी पात्राबाहेर पडून शेतांत पसरलं की चढण्याचा वेग कमी होतो. त्याला "उतार लागला" समजून लोक सामान खाली आणायला लागतात. आकडा सलग खाली येत नाही तोवर उतार नाही.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणावरून चौकात काय भांडायचं ते भांडावं. त्याच्या पाण्याचा फुगवटा आमच्यापर्यंत येतो की नाही यावर आमच्या घरातच दोन पक्ष आहेत. पण त्या वादानं गिरणीची मोटर वर जात नाही. आणि "धरण फुटलं" असा आवाज कुणी मोबाइलवर पाठवला तर पुढं पाठवायचा नाही. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे, तिथं विचारायचं.

मे महिन्यातली कामं

सगळ्यात आधी वीज. खालच्या मजल्याची आणि वरच्या मजल्याची वायरिंग वेगळी करून घ्या, दोघांचे एमसीबी वेगळे आणि बोर्ड वर. जुन्या वाड्यांत सगळं एकाच मेन स्विचवर असतं. मग खाली पाणी आलं की वरचे दिवेही बंद करावे लागतात आणि अंधारात माणसं चुका करतात. खालची सॉकेट्‌स छातीच्या उंचीवर घेतली तर छोट्या पुरात तरी वाचतात. इन्व्हर्टर आणि त्याची बॅटरी पहिल्यापासूनच वर ठेवा. ती बॅटरी जिन्यानं चढवायचं काम पुराच्या दिवशी करून बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

मग मोरी आणि संडास. पाणी दारातून यायच्या कितीतरी आधी गटारातून उलटं येतं. शेरीनाला तुंबला की त्याच्या आसपासच्या वस्तीला हे चांगलं माहीत आहे. दोन-तीन जाड पिशव्यांत वाळू भरून, तोंड बांधून तयार ठेवायच्या. एक संडासाच्या भांड्यात घट्ट बसवायची, एक मोरीच्या जाळीवर प्लास्टिक टाकून त्यावर. त्यानं घाण पाणी आणि त्याबरोबर येणारे किडे, कधी साप, थोपतात. पण दाराला फळ्या आणि वाळूची पोती लावून सगळा पूर बाहेर ठेवायचा हट्ट करू नका. बाहेर तीन फूट पाणी आणि आत कोरडं, हा दाब जुन्या भिंतीला सोसत नाही. फूटभर पाण्यापर्यंत अडवा, पुढं येऊ द्या.

खालच्या मजल्यावर प्लायवूडचं काही करू नका. सुताराशी आमचा यावरून वाद झाला. तो म्हणाला, वॉटरप्रूफ आहे. पावसाचे शिंतोडे सोसणं आणि पाच दिवस पाण्यात उभं राहणं यात फरक आहे. खाली लोखंडी रॅक, कडाप्प्याचे कप्पे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या, एवढंच.

गॅसचं सिलिंडर तरंगतं. भरलेलंही तरंगतं. म्हणून पाणी यायच्या आधी रेग्युलेटर काढायचा, टोपी लावायची आणि सिलिंडर वर न्यायचं. नेता येत नसेल तर भिंतीतल्या कडीला साखळीनं बांधायचं. पाण्याची प्लास्टिकची टाकीही तशीच: रिकामी असली तर पाण्याबरोबर वर उचलली जाते आणि पाइप तोडते, भरून ठेवली तर बसून राहते. छतावरची टाकी भरून घेतली की खालून येणारा व्हॉल्व्ह बंद करा. पूर आल्यावर त्या नळातून काय येईल त्याचा नेम नाही.

कागदपत्रं आमच्याकडं एका स्टीलच्या कडीच्या डब्यात आहेत, प्रत्येक कागद झिपच्या पिशवीत: रेशन कार्ड, आधार, घराचा उतारा, घरपट्टीची पावती, विजेचं बिल, पासबुकं, विम्याच्या पॉलिसी, शाळेचे दाखले, सासूबाईंच्या पेन्शनचे कागद. सगळ्यांचे फोटो मुलीनं डिजिलॉकरमध्ये आणि नणंदेच्या फोनवर ठेवलेत. नणंद नागपूरला असते, तिच्याकडं कृष्णा येत नाही. दागिने तळमजल्यावरच्या बँकेच्या लॉकरमध्ये असतील तर ती बँक किती फुटांची आहे हेही एकदा विचारा.

आणि प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या, कपाटं उघडून, फ्रिज, मोटर, मशीनचा नंबर दिसेल असा. पंचनाम्याच्या वेळी आणि विम्याच्या माणसासमोर "इथं फ्रिज होता हो" असं सांगणं आणि तो दाखवणं यात पैशाचा फरक पडतो. विमा काढणार असाल तर मेमध्येच काढा, आणि त्यात पूर लिहिलेला आहे का ते वाचून घ्या. गाडीचा नुसता थर्ड पार्टी विमा पुरात काही देत नाही.

आमचा तक्ता

हा आमच्या ५० च्या घराचा आहे. तुमचं घर ४५ चं असेल तर सगळे आकडे पाचनं उतरवा.

३० फुटांना घरात कुणी घाबरत नाही, पण खरेदी तेव्हाच होते. सासूबाईंची बीपीची आणि साखरेची महिन्याची औषधं, दुसरं गॅस सिलिंडर, मेणबत्त्या, काडेपेट्या, रोख पैसे सुट्ट्यांसकट, गाडीत पेट्रोल. २०१९ ला पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीपाशी कित्येक दिवस बंद होता. दूध, पेट्रोल, भाजी, सगळं त्या रस्त्यावर अडकलं. वीज नाही म्हणून एटीएम नाही, टॉवरची बॅटरी संपली म्हणून फोन नाही. ज्याच्या खिशात दहा-वीसच्या नोटा त्याचं चाललं.

३५ ला धान्य वर जातं. वर्षाचा गहू, ज्वारी, तांदूळ आम्ही पूर्वी खालच्या कणगीत ठेवत होतो, आता मेनंतर खाली धान्य ठेवायचंच नाही असं ठरलं आहे, तरी चार पोती राहतातच. हळदीच्या व्यापाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. हरिपूरची हळदीची पेवं किती पिढ्यांची, जमिनीत खोल, कोरडी, हळदीला सोन्यासारखी जपणारी, आणि २००५ च्या पाण्यानं त्यांची दशा झाली.

४० ला, म्हणजे इशारा पातळीला, सासूबाई मिरजेला जाऊबाईंकडं जातात. त्या दरवर्षी नको म्हणतात. "मी सगळे पूर बघितलेत." बघितलेत, पण गुडघे तेव्हाचे नाहीत आणि बोटीत चढताना पाय वर घ्यावा लागतो. घरात दिवस भरलेली बाई असेल, डायलिसिसचा पेशंट असेल, ऑक्सिजनवर कुणी असेल तर ४० चीही वाट बघू नका. त्यांच्या दवाखान्याच्या जवळ, उंचावर, आधीच सोय करा. मिरज, विश्रामबाग, कुपवाड हा भाग बऱ्यापैकी उंच आहे. मात्र कोल्हापूर आणि इस्लामपूरकडचे रस्ते पाण्याखाली जातात, तिकडं नातलग असतील तर लवकर निघा.

४० लाच गिरणी बंद. त्याविषयी पुढं सांगते.

४३ ला गाड्या विश्रामबागेत ओळखीच्या सोसायटीत लावून यायच्या. फ्रिज रिकामा करून आडवा न करता दोघांनी वर न्यायचा. कपाटाचे खालचे कप्पे मोकळे करायचे. लोखंडी कपाटाला कुलूप लावू नका, गंजून दार बसलं की छिन्नी लागते. वाळूच्या पिशव्या बसवायच्या. वरच्या मजल्यावर पिण्याचं पाणी भरायचं. माणशी पिण्या-स्वयंपाकाला रोज पाच लिटर धरलं आणि पाच माणसं, पाच दिवस, तर सव्वाशे लिटर लागतं. हंडे, कळश्या, कुकर, जे असेल ते. पूर आला की गावभर पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण उपशाचे पंप सगळ्यात आधी बुडतात.

४५ ला खालचा मेन स्विच खाली. आणि आम्ही निघतो. वाटेचा आकडा ४७, दोन फूट हाताशी ठेवून.

गोठा असेल तर जनावरं माणसांच्या आधी. म्हशी पाण्यातून न्यायला अवघड नाहीत, पण वैरण कोण नेणार? चारा कुठं ठेवायचा ते आधी ठरलं पाहिजे. आणि नाइलाजानं मागं सोडायची वेळ आलीच तर दावं सोडा. बांधलेलं जनावर उभ्या जागी बुडतं.

गिरणीचं

ज्यांचं खाली दुकान आणि वर घर आहे त्यांच्यासाठी हे लिहिते. बाकीच्यांनी सोडलं तरी चालेल.

४० फूट झाले की पहिलं काम लोकांचे डबे परत करायचं. दळणाला आलेले डबे, पिशव्या, कुणाचं लग्नाचं पाच पायली बेसन. फोन करून बोलवायचं, येणार नसतील तर नाव लिहून वर न्यायचं. आपलं भिजलं तर आपलं, लोकांचं भिजलं तर तोंड दाखवायचं कसं?

मग मोटर. दहा एचपीची बिडाची मोटर दोघांना उचलत नाही. भाऊजींनी छताच्या गर्डरला कडी जोडून घेतली आहे. पट्टा उतरवायचा, वायरी सोडून कोणती कुठं होती त्याचा फोटो काढायचा, फाउंडेशनचे बोल्ट काढायचे आणि चेन पुलीनं मोटर छताजवळ ओढून साखळीनं बांधायची. बोल्टांना मेमध्ये ग्रीस लावलेलं असलं की हे काम तासाभरात होतं, नसेल तर पाना फिरत नाही आणि पाणी थांबत नाही. स्टार्टर आणि बोर्ड सुटा करून वर. दगड जागेवर राहू द्यायचे, त्यांना पाण्यानं काही होत नाही. बेअरिंगांना मात्र होतं, ती भिजली की बदलायचीच असं धरून चाला.

शिलाई मशीनवाल्यांनी वरचं हेड काढून न्यावं, स्टँड राहू द्यावा. झेरॉक्सवाल्यांना माझा सल्ला एवढाच की ४० च्या आधीच टेम्पो सांगून ठेवा. ४३ ला टेम्पो मिळत नाही.

निघताना, आणि अडकलाच तर

बॅग प्रत्येकाची वेगळी, पाठीवर घ्यायची, हात मोकळे राहतील अशी. दोन दिवसांचे कपडे, औषधं चिठ्ठीसकट, चष्मा, चार्ज केलेली पॉवर बँक, टॉर्च, कागदांचा डबा, भडंग आणि शेंगदाण्याचे लाडू. बिस्किटांपेक्षा लाडू टिकतात आणि पोट भरतं. बायकांनी पॅड घ्यावेत, निवारा केंद्रात ते मागायला संकोच वाटतो. फोनमधले क्रमांक पाठ नसतात म्हणून एका चिठ्ठीवर लिहून ठेवा: ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, नियंत्रण कक्ष १०७७, विजेसाठी १९१२ आणि दोन नातलग.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी फ्रिज नाही म्हणून घाबरू नये. चालू बाटली सावलीत, खोलीच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, वेष्टनावर लिहिलेलं असतं. जादाच्या बाटल्या कोऱ्या मडक्यात ठेवून त्याला ओलं फडकं गुंडाळा. बर्फात थेट ठेवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं.

वरच्या मजल्यावर राहायचंच असं काही घरं ठरवतात, चोरीच्या भीतीनं. मला ते पटत नाही, तरी राहणारे राहतात. त्यांनी किती माणसं आहेत ते नियंत्रण कक्षाला आधी कळवून ठेवावं, आणि पाण्यातून चालत जायचं धाडस करू नये. गढूळ पाण्यात उघडं मॅनहोल दिसत नाही. कृष्णेत मगरी आहेत हेही सांगलीकरांना नव्यानं सांगायला नको, त्या पुरात वस्तीत येतात. बोट आली तर बोटवाला सांगेल तेवढीच माणसं चढायची. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बोट उलटली आणि लेकरंबाळं गेली. बोटीत मध्ये बसायचं, उभं राहायचं नाही, लाइफ जॅकेट नसेल तर मागायचं, सामानासाठी भांडायचं नाही.

परत आल्यावर

गाळ वाळू देऊ नका. पाणी उतरायला लागलं की त्याच्या मागोमाग खराट्यानं ढकलत राहायचं, पुराचंच पाणी वापरून. एकदा वाळला की फावड्यानं खरवडावा लागतो आणि नळाला तेवढं पाणी नसतं. पण आत पाऊल टाकायच्या आधी बाहेरून भिंती बघा. मातीच्या आणि भेंड्याच्या (कच्च्या विटांच्या) भिंती पाणी असताना उभ्या राहतात, ओसरल्यावर एक-दोन दिवसांत ढासळतात. गावभागातल्या जुन्या वाड्यांचं असंच होतं. भिंतीला फुगवटा दिसला, नवी चीर दिसली, दार आपोआप अडकायला लागलं, तर मिस्त्रीला दाखवल्याशिवाय आत झोपू नका.

बूट घालून, हातात काठी घेऊन जायचं. सांदीत, कपाटामागं, गाद्यांखाली साप असतात. मारायला जाऊ नका, सर्पमित्राला किंवा वन विभागाच्या १९२६ ला फोन करा. पायाला जखम असेल तर गाळात उतरायचं नाही, लेप्टोस्पायरोसिस तिथूनच होतो. गाळ काढणाऱ्यांनी आरोग्य केंद्रात जाऊन गोळी घ्यावी का ते डॉक्टरांना विचारावं. पाणी पुढचे पंधरा दिवस तरी उकळून, नाहीतर मेडिक्लोरचे थेंब बाटलीवर लिहिलेत तेवढे टाकून, अर्धा तास ठेवून प्यायचं. जुलाब लागले आणि ओआरएसची पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा.

फेकायच्या आधी फोटो. पाण्याची रेघ दिसेल असा भिंतीचा, मग प्रत्येक वस्तूचा. तलाठी किंवा महापालिकेचा माणूस येईपर्यंत कुजलेल्या गाद्या घरात ठेवायची गरज नाही. भिजलेलं धान्य, पीठ, डाळी टाकूनच द्या, वाळवून खाऊ नका. पुराच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते नाकाला कळतं. भिजलेले कागद एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका. सावलीत, पंख्याखाली पसरा, अर्धवट वाळले की सुटतात.

बुडालेली गाडी चालू होते का बघायचं नाही, ढकलूनही नाही. इंजिनात पाणी असताना किक मारली की आतला रॉड वाकतो. टो करून मेकॅनिककडं न्यायची आणि विमा कंपनीला आधी कळवायचं. विजेचंही तेच: मेन स्विच कोरडा दिसला तरी वायरमननं अर्थिंग आणि बोर्ड तपासल्याशिवाय वर करायचा नाही. गॅसची शेगडी धुऊन वापरता येते, रबरी नळी आणि रेग्युलेटर मात्र नवाच घ्यायचा.

मोटर भिजलीच असेल तर वाइंडिंगवाल्याकडं पाठवा. तो उघडून, वाळवून, मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून सांगेल की वार्निशवर भागतं की नवं वाइंडिंग लागतं. पुरानंतर त्याच्या दारात रांग असते, म्हणून वरती बांधलेली मोटर पहिल्या दिवशीच बसवून घेणारा गिरणीवाला आठवडाभर आधी चालू होतो आणि तेव्हा साऱ्या गल्लीला पीठ हवं असतं. चालू करताना दगड आधी ब्रशनं, मग कोरड्या फडक्यानं पुसायचे, टाचून घ्यायचे, म्हणजे खाचा पुन्हा पाडून घ्यायच्या. पहिलं दळण घरच्या ज्वारीचं, पायलीभर, आणि ते पीठ टाकून द्यायचं. दगडाच्या खाचांत बसलेला गाळ त्याच्याबरोबर निघतो. दुसऱ्या पायलीचं पीठ चिमटीत घेऊन दाताखाली धरून बघा, कचकच लागली तर तेही टाकायचं.